कॅप्टन फालिहची तहान

स्वयंपाकघराची मागची भिंत हादरायला लागली तेव्हा बहीजा मूठभर गहू उकडत बसली होती. गॅस कधीच संपला होता. खुर्चीचे पाय फोडून तिने चूल पेटवली होती. भिंतीपलीकडून घणाचे घाव पडत होते. फडताळातल्या बश्या खणखणत खाली आल्या, एक वीट सरकली, मग भसाभस विटा कोसळल्या आणि त्या भगदाडातून आधी बंदुकीची नळी आणि मागोमाग धुळीने पांढरंफटक झालेलं एक तोंड आत आलं.

"सलाम, मावशी," ते तोंड म्हणालं. "घरात कोण कोण आहे?"

बोलण्याच्या धाटणीवरूनच तिने ओळखलं, हा दक्षिणेकडचा. म्हणजे सैन्य आलं. मोसुलच्या पश्चिमेकडच्या त्या गल्ल्यांमध्ये दाएशच्या, म्हणजे इसिसच्या, कचाट्यात अडकलेली माणसं महिनोन्‌महिने याच घटकेची वाट बघत होती. पळून जाणाऱ्याला दाएशवाले पाठीत गोळी घालत, आणि घरात राहणाऱ्याला उपास मारत होता. बहीजाही वाट बघत होती. पण तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच.

"आत्ता आलात? तीन वर्षांपूर्वी दाएश आलं तेव्हा बूट टाकून पळालात ते, आत्ता आठवण झाली होय आमची? आणि दाराने यायचं सोडून माझी भिंत फोडलीत!"

त्या तरुणामागून झुबकेदार मिशांचा एक हवालदार भगदाडातून अंग चोरत आत शिरत होता. तो तिथूनच खेकसला, "ए म्हातारे, जीभ आवर. तुझ्या या गल्लीपायी आमची पोरं–"

"चासिब, गप्प. खरं तेच बोलतायत त्या." तरुणाने अंगावरची धूळ झटकली. "मावशी, दारासमोर त्यांची मशीनगन आहे. दाराने आलो असतो तर तुमची भिंत राहिली असती, आम्ही राहिलो नसतो."

हा कॅप्टन फालिह. अमाराकडच्या दलदलीतला, म्हशीवाल्यांचा मुलगा. तिशीचा, काटकुळा, समोरचा एक दात अर्धा तुटलेला. हसला की तुकडीचा अधिकारी न वाटता कुणाच्या तरी लग्नात वाढपी म्हणून आल्यासारखा वाटायचा. त्याच्याबरोबर चासिब हवालदार आणि चार जवान, एवढीच माणसं होती.

बहीजाने त्यांना तळघराचं दार दाखवलं. खाली तिची सून रशा, दोन नातवंडं आणि शेजारची तीन कुटुंबं दाटीवाटीने बसली होती. मुलगा नव्हता. ज़ुहैर वाहतूक पोलीस होता. दाएश शहरात आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला घरातून उचलून नेलं, ते आजतागायत त्याचा पत्ता नव्हता. मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही कुणी सांगितलं नाही. बहीजाच्या लेखी त्याला दोघांनी मिळून नेलं होतं, ज्यांनी उचललं त्यांनी आणि जे त्याला सोडून पळाले त्यांनीही.

फालिह तळघरात उतरून आला तो चेहरा पाडूनच. एवढी माणसं असतील असं त्याला वाटलं नव्हतं. आले तसे, घराघरांच्या फोडलेल्या भिंतींतून, या सगळ्यांना मागे न्यायचं. वाटेत एकच उघडी गल्ली ओलांडायची होती, तिच्यापलीकडे सैन्याची गाडी उभी होती. अडचण एवढीच, की त्या गल्लीवर नेमका बहीजाच्या गच्चीवरून नेम धरता येत होता. पलीकडच्या गच्च्या दाएशकडे होत्या. ते एकदा का उड्या टाकून या गच्चीवर आले, की पळणारी माणसं टिपायला त्यांना सोपं होतं. म्हणून गच्चीचा जिना कुणीतरी धरून ठेवायलाच हवा होता.

फालिह अंगणात उभा राहून हेच सगळं चासिबला सांगत होता, तेवढ्यात वर शीळ वाजल्यासारखं झालं. तोफगोळा अंगणाच्या कोपऱ्यात, नारिंगाच्या झाडापाशी पडला. बहीजा चुलीजवळ आडवी झाली. कानांत नुसता गुंगाट. धूर निवळला तेव्हा झाडाजवळ उभा असलेला जवान उरला नव्हता. फालिह भिंतीला टेकून बसला होता आणि जाकिटाखाली हात घालून काहीतरी चाचपत होता, हरवलेली किल्ली शोधावी तसं.

हात बाहेर आला तो लाल होऊन. गोळ्याची एक किरच जाकिटाच्या कडेखालून पोटात शिरली होती.

बहीजा धावली. गुडघ्याने अधू बाई, पण धावली. चादर टरकावून तिने पट्ट्या केल्या आणि चासिबने दातओठ खात त्या पोटावर आवळल्या. रक्त थांबल्यासारखं झालं, पण पट्टीवरचा डाग हळूहळू पसरतच राहिला.

"साहेब, पहिल्या खेपेला तुम्ही," चासिब म्हणाला.

"पहिल्या खेपेला पोरं आणि त्यांच्या आया."

"अहो, पोटाला लागलंय! मागे डॉक्टर आहे, गाडी आहे. अर्ध्या तासात–"

"मला उचलून न्यायला किती माणसं लागतील, चासिब? दोन. गल्लीच्या तोंडाशी किती लागतात? दोन. मग या लोकांना नेणार कोण आणि जिना धरणार कोण? तुझा सासरा?"

चासिबच्या कमरेचा वायरलेस खरखरला. मागून मेजरसाहेब विचारत होते, जखमी कोण आहे, फालिहला ताबडतोब मागे पाठवा. फालिहने वायरलेस मागून घेतला, तोंडाजवळ धरला आणि ओरडला, "साहेब, आवाज येत नाही! खरखर आहे नुसती! पुन्हा बोलतो!" आणि बटण फिरवून तो बंद करून टाकला.

"हे पाप माझ्या माथी येणार बघा," चासिब म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो मिशा पुसत होता.

"माझ्या आईला सांग, मी ऐकलं नाही. तिला नवल वाटणार नाही. चल, उचल मला, वर ने."

दोघांनी धरून त्याला जिन्यावर नेलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीपाशी गच्चीवर उघडणारं लोखंडी दार होतं. त्या दारापाशी, पिठाच्या रिकाम्या डब्याला पाठ लावून, मशीनगन मांडीशी घेऊन तो बसला. दार हातभर उघडं ठेवलं होतं, तेवढ्यातून सगळी गच्ची दिसत होती.

खाली बायका पोरांना कडेवर घेऊन भगदाडाकडे निघाल्या. रशा सासूचा हात सोडेना. बहीजाने तो सोडवून घेतला. "माझा गुडघा मध्येच आडमुठेपणा करील आणि माझ्यापायी सगळे थांबतील. मी शेवटी येते. पोरांना घट्ट धर, जा." चासिब त्यांना घेऊन गेला. आणि बहीजा पाण्याची सुरई घेऊन जिना चढली, एकेका पायरीला भिंतीचा आधार घेत.

"तुम्ही कशाला आलात?" फालिह म्हणाला.

"माझं घर आहे."

त्याने पायाशी ठेवलेल्या गोळ्यांच्या डब्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "आलाच आहात तर तो डबा उघडा. पट्टा बाहेर काढून माझ्याकडे सरकवा. असा नाही, उलटा. हां."

सुरई बघून त्याचे डोळे तिच्यावरच खिळले. बहीजाने ती पाठीमागे सारली. जाताना चासिबने तिला दम भरला होता, पोटाला लागलेल्याला पाणी द्यायचं नाही, आत गेलं तर मरेल, काहीही म्हणाला तरी द्यायचं नाही.

पहिला माणूस पलीकडच्या कठड्यावर चढला तेव्हा बहीजाला दिसलासुद्धा नाही. फालिहने चार गोळ्या झाडल्या आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ तिकडून नुसत्या भिंतीवर गोळ्या येत राहिल्या. जिन्यात चुन्याचा पाऊस पडत होता. फालिह उगाच गोळ्या वाया घालवत नव्हता. डोकं वर आलं की झाडायचा, नाहीतर गप्प बसून धापा टाकायचा. प्रत्येक वेळी झाडताना बंदुकीचा दणका पोटात बसायचा आणि त्याच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. त्या आवाजाची त्याला लाज वाटत असावी, कारण नंतर तो काहीतरी बोलायचाच.

"आमच्याकडे म्हशीला रागावलं तर ती दूध चोरते, ठाऊक आहे?"

"मला म्हशीतलं काय कळतंय?"

"माझी आई म्हशींशी गोड बोलते. माझ्याशी मात्र कधी बोलली नाही गोड." तो हसला. "लग्न कर, लग्न कर म्हणून डोकं खाते. एक तर पोरगी अशी बघून ठेवलीय, की म्हशीची साय काढताना गाते म्हणे. म्हटलं, आई, मी लग्न तिच्याशी करायचं की सायीशी?"

"कर ना मग. चांगली असेल."

"हे आटपलं की करतो."

खालून चासिबची हाक आली. पहिली खेप पोचली होती, दुसरी निघत होती. फालिहने उत्तरादाखल बंदुकीच्या दस्त्याने दारावर टकटक केलं. ओरडण्याइतका श्वास आता त्याच्याकडे नव्हता.

"मावशी, पाणी."

"नाही, बाळा."

"एक घोट."

तिने पदरासारखं डोक्यावर घेतलेलं वस्त्र सुरईत बुडवलं आणि त्याच्या ओठांवरून फिरवलं. त्याने ते ओठांत धरून चोखायचा प्रयत्न केला. तिने काढून घेतलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ फुटलेले, रंग मातीसारखा, आणि तरी तो अर्धा दात दिसला. "ऐकलं होतं, मोसुलचे लोक चिक्कू असतात म्हणून. पण पाण्यालासुद्धा?"

बहीजाला हसू फुटलं. रडताना फुटतं तसं. "मेल्या," ती म्हणाली, "बरा होऊन ये, हंडाभर पाजते. मग म्हण चिक्कू."

त्यानंतर ते एकदमच चालून आले. किती होते कुणास ठाऊक. कठड्यावरून ओरडत उड्या पडल्या. फालिहने दार पायाने आणखी उघडलं आणि बंदूक दाबून धरली. बहीजा एका हाताने कान झाकून खालच्या पायरीवर गोळा होऊन बसली होती. दुसऱ्या हाताने पट्टा सरकवत होती. मध्येच गोळ्यांचा आवाज थांबला आणि काहीतरी लोखंडी टणटणत गच्चीवरून दाराच्या दिशेने घरंगळत आलं. फालिहला उठता येत नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी दाराची कडी धरली आणि सगळं अंग मागे टाकून दार ओढून घेतलं. त्याच क्षणी पलीकडे स्फोट झाला. जाड पत्रा आतल्या बाजूला पातेल्यासारखा फुगला. फालिहचा हात कोपरापर्यंत फाटला होता.

तरी त्याने दार पुन्हा उघडलं. बहीजाला ते कळेना. बंदच ठेवायचं ना! पण बंद दारामागून गच्ची दिसत नाही. त्याने फाटलेला हात मांडीखाली दाबला आणि दुसऱ्या हाताने बंदूक गोळ्यांच्या डब्यावर टेकवली.

"पट्टा," तो म्हणाला.

तिने दिला.

गच्ची शांत झाली तेव्हा उन्हं उतरणीला लागली होती. फालिहची मान छातीवर पडत होती, तो ती पुन्हा पुन्हा उचलत होता. बहीजाने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"कशाला रे एवढं?" ती म्हणाली. "मघाशीच गेला असतास तर आत्ता डॉक्टरपाशी असतास."

"तुम्हीच विचारलंत ना, आल्या आल्या? तेव्हा का पळालात म्हणून." श्वास गोळा करत तो म्हणाला, "आज कुणी विचारायला नको."

 बोललेला शब्द गिळून परत घेता आला असता तर तिने तो तिथेच घेतला असता. "माझ्या जिभेला हाड नाही, बाळा. माझा मुलगा गेला म्हणून बोलले मी. तुला नव्हतं म्हणायचं."

"नाव काय त्याचं?"

"ज़ुहैर."

"सापडेल," फालिह म्हणाला. असं सगळेच म्हणत. पण या अवस्थेतला माणूस ते म्हणाला म्हणून तिला ते पहिल्यांदाच ऐकावंसं वाटलं.

चासिब आला तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. सगळी माणसं पलीकडे पोचली होती. एक म्हातारा गल्लीत पडला होता, पण ठेचकाळून. गोळी कुणालाच लागली नव्हती. बहीजाच्याच रजईत घालून त्यांनी फालिहला उचललं. भगदाडातून बाहेर, शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीतून, कुणाच्या तरी मोडक्या कपाटावरून, एका घरातून दुसऱ्या घरात. बहीजा रजईचं टोक धरून लंगडत चालली होती. गल्ली ओलांडताना चासिब मध्ये उभा राहून वेड्यासारखा गोळ्या झाडत होता.

गाडीत ठेवताना फालिहने विचारलं, "सगळे आले?"

"आले, साहेब. सगळे."

मग त्याची नजर बहीजाकडे वळली. त्याने बोटाने ओठांना शिवून दाखवलं. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि कपाळावरून हात फिरवला. "दवाखान्यात पोचलास की पोटभर पी, राजा. आता थोडंच राहिलं."

गाडी गेली.

छावणीत तंबू मिळाला, पीठ मिळालं, नातवंडं पोट भरून जेवायला लागली. बहीजा रोज कुणा ना कुणा जवानाला विचारायची, कॅप्टन फालिह कसे आहेत? कुणालाच माहीत नसायचं. मग एका दुपारी चासिब स्वतःच तंबूपुढे येऊन उभा राहिला, दाढी वाढलेली, टोपी हातात. तिला सांगायची गरजच पडली नाही.

"वाटेतच," तो म्हणाला. "दवाखाना दिसत होता समोर."

बहीजाने पुढ्यातली पिठाची परात बाजूला सारली. मग तिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, आतून सगळं चिरलं गेलं होतं. आधी आणला असता तर कदाचित. उशिरा कशानेच फरक पडला नसता."

"कशानेच?"

"कशानेच, मावशी."

चासिबला वाटलं, हे ऐकून तिचं दुःख हलकं होईल. ती मात्र त्या एका शब्दापाशीच अडकली. म्हणजे पाणी दिलं असतं तरी फरक पडणार नव्हता. दिलं नाही म्हणून तो वाचणार नव्हता. मग ती सुरई कुणासाठी राखली आपण?

हे तिने कुणाला सांगितलं नाही. घरी परत आली, गवंडी लावून घर राहण्याजोगं केलं, सुनेबरोबर संसार पुन्हा मांडला. ज़ुहैरचा शोध चालूच होता, या कचेरीतून त्या कचेरीत. पण जेवताना पाण्याचा पेला ओठाला लावला की तिचा हात क्षणभर थबकायचा. रशा विचारायची, "काय झालं, आई?" ती म्हणायची, "काही नाही, गार आहे."

वर्ष होत आलं तेव्हा चासिबचा फोन आला. साहेबांच्या घरी वर्षाचा दिवस करणार आहेत, मी जातोय. बहीजा म्हणाली, "मीही येते." रशाने कपाळाला हात लावला. शेजारणी म्हणाल्या, "अगं, देशाचं दुसरं टोक ते! आपण सुन्नी, ते शिया. त्यातून तुझा गुडघा." बहीजा पिशवी भरतच राहिली.

बगदादच्या बसतळावर चासिब गाडी घेऊन आला होता. अमाराच्या पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेने जाऊ लागला. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच बोरू, मध्ये पाण्यात नाकं वर काढून बसलेल्या म्हशी. फालिहचं घर बोरूचंच होतं. दारातच त्याचा मोठा फोटो लावलेला, त्यात तोंड मिटलेलं. फोटो काढणाऱ्याने हसू दिलं नसावं.

फालिहची आई हसना उंच, हाडापेराची, हनुवटीवर गोंदलेली बाई होती. चासिबने ओळख करून दिली, "साहेब शेवटी ज्यांच्या घरात होते, त्या या." हसनाने बहीजाला जवळ घेतलं नाही की रडली नाही. हाताने बसायची जागा दाखवली, तांदळाची भाकरी आणि भाजलेला मासा पुढे ठेवला आणि जेवण होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली. गावच्या बायका भोवती जमल्या होत्या. मृतासाठीचा फातिहा वाचून झाला. मग हसनाने विचारलं.

"त्याने पाणी मागितलं होतं?"

सगळ्या बायकांनी माना वळवून बहीजाकडे बघितलं. करबलाच्या रणात हुसेनला पाण्यावाचून तडफडवून मारलं, त्या तहानेवर दरवर्षी ऊर बडवत वाढलेल्या त्या बायका. त्यांना त्या प्रश्नाचा अर्थ बहीजाहून जास्त कळत होता. दाराशी बसलेला चासिब घाईघाईने पुढे सरकला. "काकू, मी सांगितलंय ना तुम्हाला, मावशींच्या हातून–"

"तुला नाही विचारलं."

बहीजाने चासिबकडे बघितलं. तो डोळ्यांनी विनवत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं, याने काहीतरी सांगून ठेवलंय, आपण नुसतं हो म्हणायचं की झालं. हो म्हणणं किती सोपं होतं. सगळं घर त्या एका शब्दासाठी श्वास धरून बसलं होतं.

"मागितलं," बहीजा म्हणाली. "पुन्हा पुन्हा मागितलं. सुरई माझ्या हातात होती. मी नाही दिलं."

एक म्हातारी 'या हुसेन' म्हणत कपाळ बडवून घेऊ लागली. कुणीतरी रागाने उठून उभं राहिलं. हसना बसल्या जागी दगडासारखी झाली होती.

"का?"

"पोटाला लागलं होतं. पाणी दिलं तर मरेल म्हणाले. मला वाटलं, तो वाचेल. शेवटपर्यंत वाटत होतं. म्हणून नाही दिलं." तिचा आवाज फुटला. "ओल्या फडक्याने ओठ पुसले. मला म्हणाला, मोसुलचे लोक चिक्कू असतात ऐकलं होतं, पण पाण्यालासुद्धा?"

हसनाने मान झटक्यात वर केली. "काय म्हणाला?"

बहीजाने पुन्हा सांगितलं. आणि त्या बाईच्या तोंडून असं काही हसू निघालं की भोवतालच्या बायका दचकल्या. "तोच," ती म्हणाली. "तोच बोलला असेल असं. मरतानाही कार्ट्याची जीभ..." आणि मग ती रडायला लागली. वर्षभर तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं म्हणे. दोन बायांनी धरलं तरी आवरेना.

तिसऱ्या प्रहरी ती म्हशींकडे गेली तेव्हा बहीजा मागोमाग गेली. हसना मागे न बघता म्हणाली, "सैन्यातले आले होते. म्हणाले, लगेच गेला, काही कळलंच नाही. चासिब म्हणाला, पाणी पिऊन शांत झोपला. जो येतो तो मला साखर भरवून जातो. मी काय लहान आहे?" तिने एका म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "तू मला खरं सांगितलंस."

"मला माफ कर, बहिणी."

"मी असते तर दिलं असतं," हसना म्हणाली. "त्याने मागितलं आणि मी दिलं नाही, असं झालंच नसतं माझ्याकडून. मरो की जगो." मग ती बसून धार काढू लागली. "पण तो वाचेल असं धरून कुणीतरी बसलं होतं त्याच्याजवळ, हे बरं झालं. मी इथे होते. मला काही ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी मी बाजारात साय विकत होते."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. बहीजानेही पुन्हा विचारलं नाही. ती बाजूच्या दगडावर बसून राहिली. थोड्या वेळाने हसनाने तिच्या मुलाबद्दल विचारलं आणि ज़ुहैरचं अजून काहीच कळलं नाही हे ऐकून धार काढायची थांबली. "माझ्याकडे निदान कबर आहे," ती म्हणाली. "नजफच्या कबरस्तानात जाते, दगडाशी भांडून येते. तू कुणाशी भांडतेस?"

"कचेरीतल्या कारकुनांशी," बहीजा म्हणाली.

निघताना हसनाने चासिबला दारात गाठलं आणि चपलेने त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. "खोटारड्या! पुन्हा माझ्याशी खोटं बोललास तर बघ." तो एवढा दांडगा हवालदार, मान खाली घालून उभा राहिला. मग तिने त्याच्या हातात भाकऱ्यांचं गाठोडं दिलं, वाटेत खायला. बहीजाला तिने जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले, करकचून, राग असल्यासारखे.

चासिबने गाडी बोरूच्या रानातून बाहेर काढली. मग समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, "मावशी, त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं हो. पाणी प्यायला का म्हणून. काय सांगणार होतो मी?"

बहीजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला त्याचा राग आला नव्हता. "गाडी बघून चालव," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून रडू लागली. चासिबने वेग कमी केला. अमारा येईपर्यंत त्याने तिला रडू दिलं.